क्लॅरिथ्रोमायसिनचा १४ दिवसांचा कोर्स आणि आधीपासूनच्या गोळ्या

मेघनाद_के
आईला (वय ७१) एन्डोस्कोपीत एच. पायलोरी (पोटात राहणारा जंतू) निघालाय. कोर्स १४ दिवसांचा: अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, दोन्ही सकाळ-संध्याकाळ, शिवाय पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल. आधीपासून अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि ग्लिमेपिराइड १ चालू आहे. पोटाचे डॉक्टर वेगळे, नेहमीचे वेगळे. सगळं एकत्र चालेल का? क्लॅरिथ्रोऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं तर?

औषधी_अनुराधा
कोर्स सुरू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा, हे आजच करा. लिव्हर आणि आतड्यात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं, कितीतरी औषधांचा निचरा त्याच्यामार्फत होतो. क्लॅरिथ्रोमायसिन ते अडवतं, त्यामुळे नेहमीचीच गोळी रक्तात जास्त साठते.

तुमच्या यादीत पहिली काळजी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची. क्लॅरिथ्रोसोबत दिवसाला २० मिग्रॅच्या वर जायचं नसतं, म्हणून बहुतेक डॉक्टर तेवढे दिवस स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची ही गोळी) थांबवतात किंवा रोसुव्हास्टॅटिन देतात, कारण त्याचा निचरा या एन्झाइमवर फारसा अवलंबून नाही. सिम्व्हास्टॅटिन असतं तर अजिबात चाललं नसतं. मांड्या-खांदे दुखून अशक्त वाटलं, लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी सीके (स्नायूंना इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) तपासा.

अ‍ॅम्लोडिपिनमुळे बीपी उतरू शकतं. कॅनडातल्या ऑन्टारियोत वृद्धांवर झालेल्या २०१३ च्या अभ्यासात, या गटातल्या गोळ्यांसोबत क्लॅरिथ्रो घेणाऱ्यांना किडनीच्या अचानक बिघाडासाठी अ‍ॅझिथ्रो घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा दाखल करावं लागलं. घरी रोज बीपी मोजा, चक्कर अंगावर काढू नका. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांसोबत साखर एकदम उतरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ग्लुकोमीटर हाताशी ठेवा आणि जेवण चुकवू देऊ नका.

हृद्रोग_ओपीडी
वरच्या उत्तरात कॅप्सूलचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वात तातडीचा आहे. डोमपेरिडोन ईसीजीवरचं क्यूटी अंतर (ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात) वाढवतं, क्लॅरिथ्रोही वाढवतं. शिवाय डोमपेरिडोनचा निचरा त्याच एन्झाइममधून होतो, म्हणजे दुहेरी भर. ही जोडी देऊच नये. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलच्या नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर बहुधा आत डोमपेरिडोन असतं, आणि रुग्णाला ते माहीत नसतं. नुसतं पॅन्टोप्राझोल लिहून मागा.

जुना ईसीजी असेल तर न्या, नसेल तर काढा. पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल, लॅसिक्ससारखी लघवीची गोळी चालू असेल किंवा उलट्या-जुलाब होत असतील तर धोका वाढतो. धडधड किंवा घेरी आली तर पुढचा डोस न घेता सरळ इमर्जन्सी गाठा.

इतर वाचकांसाठी: गाउटचं कोल्चिसिन आणि स्टेंटनंतरचं टिकाग्रेलोर, यांच्यासोबत क्लॅरिथ्रो नको. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) लवकर तपासायचा, हृदयाचं डिगॉक्सिन असेल तर त्याची रक्तातली पातळी.

सूक्ष्मजीव_पुणे
अ‍ॅझिथ्रो हे एन्झाइम जवळपास अडवत नाही, हे खरं. पण एच. पायलोरीसाठी ते क्लॅरिथ्रोची जागा घेऊ शकत नाही आणि क्यूटीचा प्रश्नही सुटत नाही. स्वतःहून बदल करू नका.

मी डॉक्टरांना वेगळंच विचारेन: क्लॅरिथ्रो हवंच का? जिथे प्रतिरोधाचं (जंतूने क्लॅरिथ्रोला दाद न देण्याचं) प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आहे तिथे चाचणीशिवाय ते वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे आणि भारतात बऱ्याच ठिकाणी प्रमाण त्याहून जास्त सापडलंय. ज्याने आधी कधीही मॅक्रोलाइड (क्लॅरिथ्रो, अ‍ॅझिथ्रो यांच्या गटातलं औषध) घेतलंय, त्याच्या पोटातला जंतू प्रतिरोधक असण्याची शक्यता वाढते. सर्दी-खोकल्याला उगाच घेतलेलं अ‍ॅझिथ्रो इथे नडतं. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पॅन्टोप्राझोल हा १४ दिवसांचा पर्याय आहे. गोळ्या जास्त, शौचाचा रंग काळा, पण स्टॅटिन-अ‍ॅम्लोडिपिनची ही गुंतागुंत टळते.

मेघनाद_के
डोमपेरिडोनचं लक्षातच आलं नव्हतं. क्लॅरिथ्रोच ठरलं तर स्टॅटिन परत कधी?

औषधी_अनुराधा
शेवटच्या डोसनंतर लगेच नाही. एन्झाइम पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात, नेमकी तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या, नाहीतर गोळी कायमची बंद राहून जाते. आधी क्रिएटिनिनही बघा: त्यावरून काढलेला क्लिअरन्स (किडनी रक्त साफ करण्याचा वेग, मिली/मिनिट) ३० च्या खाली असेल तर क्लॅरिथ्रोचा डोस निम्मा. तोंडाला धातूसारखी कडू चव येईल, ती कोर्स संपल्यावर जाते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना, हेही सांगा, कारण अमॉक्सिसिलिन आहे.

सूक्ष्मजीव_पुणे
जंतू गेला का, हे कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी युरिया ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेनने बघायचं. त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.