स्लो कुकरमधला क्रीमी चिकन पास्ता: ११ तास घराबाहेर असताना कसा जमवायचा?

सायली_एनजे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो. मी रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाते, सकाळी सातला घर सोडलं की संध्याकाळी साडेसहाला परत. नवरा मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करतो पण त्याच्या मीटिंगा सलग असतात, त्यामुळे फार तर मध्ये एकदा उठून बटण दाबू शकेल एवढंच. मुलं दोन, वय ६ आणि ९, स्विमिंगवरून येतात तेव्हा इतकी भुकेलेली असतात की दार उघडल्या उघडल्या जेवायला काय आहे हाच प्रश्न. पोळीभाजी शनिवार-रविवार नीट होते, आठवड्यात मात्र मला दोन वार तरी असे हवेत की घरी आल्यावर अर्ध्या तासात गरम गरम काहीतरी ताटात पडेल.

भावाने ६ क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा) स्लो कुकर, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणारं विजेवरचं भांडं, भेट दिलाय, टायमरवाला, वेळ संपली की आपोआप वॉर्मवर (नुसतं गरम ठेवण्यावर) जातो. मुलांना क्रीमी चिकन पास्ता जीव की प्राण, म्हणून सुरुवात त्यानेच करावी म्हणते. इकडच्या रेसिप्या बघितल्या तर सगळीकडे चिकन ब्रेस्ट, क्रीम चीज, दूध, पास्ता सगळं एकदम टाका आणि ४ तास लो (मंद आच). आता ४ तासांनी घरी कोण येतंय? आणि दूध-क्रीम सकाळपासून त्यात राहिलं तर फाटणार नाही का? पास्ता वेगळा उकडायचा की त्यातच? ब्रेस्ट घेऊ की थाय (मांडीचे तुकडे)? जे लोक नेहमी करतात त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, वेळेसकट.

मिरेपूड

सायली, तुझ्या वेळा बघून लिहितेय. ब्रेस्ट विसर. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसतेच, लो वर साधारण ३ ते ४ तासांत शिजतं आणि त्यानंतर प्रत्येक तासाला कोरडं होत जातं, मग वर कितीही क्रीम ओता आतला चोथा तो चोथाच. तुला हवेत हाडासकट थाय. त्यात जे कोलॅजन (चिवट प्रोटीन) असतं ते मंद आचेवर तासन् तास राहून विरघळतं आणि मांस मऊ आणि रसरशीत होतं, म्हणजे तुझी ११ तासांची अडचण आहे ना, ती थायच्या बाबतीत बरीचशी सोयच आहे. सातला लावून टायमर लो वर ८ तास ठेव, तीनला आपोआप वॉर्मवर जाईल, तू येईपर्यंत साडेतीन तास वॉर्मवर राहील, चालतं तेवढं. कातडी मात्र आधी ओढून काढ, स्लो कुकरमध्ये ती रबरासारखी होते आणि सगळी चरबी वर तरंगते.

६ क्वार्टचा कुकर आहे तर थोडंसं चिकन करू नकोस. निम्म्याहून कमी भरला की कडेने करपतं आणि वेळेआधी शिजून जातं. म्हणून सरळ ४ पाउंड थाय घाल, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. अर्ध्याचा आज पास्ता, उरलेलं अर्धं क्रीम घालण्याआधीच बाजूला काढ. ते क्रीमशिवाय साधंच असतं, त्याचा दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा कर नाहीतर पोळीत गुंडाळून रोल दे. एका कुकरमध्ये दोन वारांची सोय.

सकाळी काय घालायचं: तळाला दोन कांदे जाडसर चिरून, त्यावर थाय, मीठ, मिरेपूड, ८-१० लसूण पाकळ्या ठेचून, २ चमचे इटालियन सीझनिंग, अर्धा कप सुकवलेले टोमॅटो बरणीतल्या तेलासकट, थोडे चिली फ्लेक्स आणि फक्त दीड कप चिकन स्टॉक. पाणी वाढवायचा मोह होईल, नको. झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही आणि कोंबडी स्वतःच भरपूर पाणी सोडते. जमलं तर कांदा आदल्या रात्री चार चमचे तेलावर परतून फ्रिजात ठेव. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये शिजतो पण ब्राउन होत नाही, उकडल्याची चव राहते, आणि आपल्या जिभेला ती लगेच कळते.

संध्याकाळी आल्या आल्या गॅसवर पास्त्याचं पाणी चढव आणि कुकर हाय वर कर. चिकन बाहेर काढून हाडं काढ, काट्याने ओढलं की सुटतात, पण लहान मुलं आहेत म्हणून बोटांनी एकदा चाचपून बघच, थायमध्ये बारीक कुर्चा राहून जातात. निम्मं चिकन आणि कपभर रस बाजूला. उरलेल्या रसात क्रीम चीजचा अर्धा ठोकळा म्हणजे ४ औंस तुकडे करून घाल, झाकण लाव, १० मिनिटांनी व्हिस्कने फेट. मग अर्धा कप हेवी क्रीम, पाऊण कप किसलेलं पार्मेजान, दोन मुठी पालक. शेवटी चिकन आणि १२ औंस उकडलेला पेने. पास्त्याचं कपभर पाणी ओतून देऊ नकोस, सॉस घट्ट वाटला की तेच घालायचं.

कोथिंबीरवडी

मिरेपूडला पूर्ण अनुमोदन, फक्त क्रीम का शेवटी ते जास्त स्पष्ट करते कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं. दुधातलं प्रोटीन आंबट पदार्थ आणि खूप वेळ उष्णता एकत्र आली की गोळा होतं, आपण लिंबू पिळून पनीर करतो तीच क्रिया. सुकवलेल्या टोमॅटोत आंबटपणा भरपूर. जितकी फॅट कमी तितकं लवकर फाटतं. म्हणून २ टक्केवालं दूध, हाफ अँड हाफ (दूध आणि क्रीम निम्मं-निम्मं), लो फॅट क्रीम चीज यातलं काहीही नको. इथल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के फॅट असते, ते टिकतं. क्रीम चीज फ्रिजातून थंडगार काढून टाकलं तर बारीक पांढऱ्या गुठळ्या राहतात, २० सेकंद मायक्रोवेव्ह केलं की काम होतं. सकाळपासून ओट्यावर काढून ठेवायची गरज नाही, आणि ठेवूही नये.

आणि पार्मेजान ठोकळाच आणा. तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून सेल्युलोज लावलेलं असतं, ते सॉसमध्ये नीट वितळत नाही, तळाशी रवाळ राहतं.

पुणेरी_कढई

स्लो कुकर नसलेल्यांसाठी लिहितो, कारण इथे पुण्यात आमच्यासारख्या बऱ्याच घरांत नाहीये. अमेरिकेतून कुणी आणून दिला तरी तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

प्रेशर कुकरमध्ये कांदा-लसूण परतून, बोनलेस थाय किंवा लेग पीस, अर्धा कप पाणी, दोन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मग झाकण काढून पुढचं सगळं वर दिलंय तसंच. फरक क्रीमचा. आपल्याकडे अमूलचं फ्रेश क्रीम मिळतं त्यात २५ टक्के फॅट, ते उकळत्या टोमॅटोच्या सॉसमध्ये घातलं की फाटण्याची शक्यता जास्त, म्हणून गॅस बंद करून दोन मिनिटं थांबून मग घालायचं आणि परत उकळी आणायची नाही. क्रीम चीज महाग पडतं, त्याऐवजी ताजं मऊ पनीर थोड्या दुधाबरोबर मिक्सरमधून अगदी गुळगुळीत फिरवून घालतो, चव वेगळी पण घट्टपणा छान येतो.

डेट्रॉइटचा_बाळू

मी जरा वेगळं मत मांडतो. पास्ता वेगळा उकडायला मोठं पातेलं, चाळणी, वर भांडी घासा, मग स्लो कुकरचा फायदा काय राहिला. माझ्याकडे कोरडा पास्ता कुकरमध्येच जातो, पण सकाळी नाही हां, शेवटच्या २५-३० मिनिटांत. चिकन बाहेर काढलं की कुकर हाय वर, त्यात दोन कप उकळता स्टॉक, अगदी उकळता, कोमट घातलात तर पास्ता फुगत बसतो आणि शिजत नाही. रोटिनी किंवा पेने घ्यायचा, १२ औंस, सगळा रसात बुडायला हवा. १५ मिनिटांनी एकदाच झाकण काढून हलवायचं आणि पटकन लावायचं. क्रीम वगैरे पास्ता शिजल्यावर. पास्त्याचा स्टार्च त्यातच राहतो त्यामुळे सॉस अंगाला छान धरतो, माझ्या मते चवीला हाच जास्त चांगला.

मिरेपूड

बाळू, चवीचं मान्य आहे. पण तो लगेच खावा लागतो. सायलीकडे एक जण सातला जेवला आणि एक आठला, तर तोवर तो कुकर चालू राहिला की त्याची खिमट होते. वेगळा उकडलेला पास्ता ज्याच्या त्याच्या ताटात सॉसमध्ये मिसळता येतो. ज्या घरात सगळे एकदम बसतात त्यांनी तुझी पद्धत करावी.

सायली_एनजे

बाप रे, किती छान सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! आता दोन-तीन शंका. एक, मी कॉस्टकोमधून मोठं पॅक आणून फ्रीझ करते, ते तसंच गोठलेलं टाकलं तर? ११ तास आहेत म्हणजे शिजेलच ना? दोन, नवरा घरी असतो त्या दिवशी बोनलेस थाय दुपारी लावले तर किती तास? आणि तीन, सोमवारी आम्ही नॉनव्हेज खात नाही, तेव्हा हेच राजमा घालून करता येईल का?

निशिगंध_बे_एरिया

सायली ताई, गोठलेलं चिकन अजिबात नको, आणि हे मी हात जोडून सांगतेय. शेवटी शिजतं हे खरं, पण स्लो कुकर इतका हळू तापतो की गोठलेलं मांस ४० ते १४० फॅरनहाइटच्या मधे कितीतरी वेळ राहतं आणि जंतू त्याच पट्ट्यात वाढतात. इथलं शेती खातंही हेच सांगतं, आधी थॉ करा, म्हणजे बर्फ सुटू द्या. आदल्या रात्रीसुद्धा नाही, ४ पाउंडाचं पॅक असेल तर दोन रात्री आधी फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत, म्हणजे रस दुसऱ्या भाज्यांवर गळणार नाही. आणताना पॅक सोडून पसरट पिशव्यांत भरून गोठवलं तर लवकर सुटतं. त्याच कारणासाठी सकाळी कच्चं चिकन भरून ठेवून स्मार्ट प्लगने दुपारी चालू करायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका.

एक साधा मीट थर्मामीटर घ्या, १०-१५ डॉलरला मिळतो. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाला न लावता, १६५ दाखवायला हवं. थाय १८०-१९० पर्यंत गेले तर उलट जास्त मऊ होतात, घाबरू नका.

बोनलेस थाय लो वर ५ ते ६ तास. म्हणजे मिस्टरांनी साडेबाराला लावले की झालं. त्यांना एक सांगून ठेवा, मधे मधे झाकण उघडून बघायचं नाही, प्रत्येक वेळी २०-३० मिनिटं वाढतात.

राजम्याचं फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहिते. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, ते नीट खळखळ उकळल्याशिवाय मरत नाही. स्लो कुकर बऱ्याचदा त्या तापमानाला पोचत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. चार-पाच दाण्यांनीसुद्धा उलट्या सुरू होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मगच स्लो कुकरमध्ये. आपल्या प्रेशर कुकरमध्ये शिजवलात तर प्रश्नच नाही. नाहीतर सरळ कॅनमधला घ्या, तो आधीच शिजलेला असतो. खरं सांगू तर या सॉसमध्ये राजम्यापेक्षा मशरूम आणि छोले जास्त जमतात, मशरूम मात्र आधी तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून.

कोथिंबीरवडी

निशिगंध, राजम्याचं लिहिलंस ते फार बरं केलंस, हे कित्येकांना माहीत नसतं.

सायली, डब्याचं तू विचारलं नाहीस पण विचारशीलच. पास्ता आणि सॉस वेगवेगळ्या डब्यांत ठेव, एकत्र ठेवलास तर रात्रभरात पास्ता सगळा सॉस पिऊन टाकतो. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजात, पसरट डब्यात, ३ ते ४ दिवस टिकतं. गरम करताना चमचाभर दूध घालून मायक्रोवेव्ह अर्ध्या पॉवरवर, मधे एकदा हलवून. पूर्ण पॉवरवर सॉसमधली फॅट सुटते. बाजूला काढलेलं साधं चिकन रसासकट फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने छान राहतं, क्रीमचा सॉस मात्र गोठवू नकोस, सुटल्यावर पाणी-पाणी होतो.

इन्स्टापॉटवाली_शुभा

मधेच एक विचारते, इन्स्टंट पॉटच्या (विजेवरच्या प्रेशर कुकरच्या) स्लो कुक मोडवर हेच होईल का? आमच्याकडे तो आहे, अजून एक भांडं घ्यायला जागा नाही ओट्यावर.

मिरेपूड

शुभा, होईल पण वेळा जुळणार नाहीत. स्लो कुकर कडेनेही तापतो, इन्स्टंट पॉट फक्त तळाने, त्यामुळे त्याचा लो म्हणजे खूपच लो. तू सरळ प्रेशरवर कर, बोनलेस थाय १० मिनिटं, १० मिनिटं आपोआप वाफ जाऊ दे, आणि क्रीम-चीज झाकण काढल्यावरच, आधी घातलंस तर तळाला लागून बर्न दाखवतो.

सायली_एनजे

ठरलं, बुधवारी हाडासकट थाय, सातला, लो वर ८. गुरुवारी उरलेल्याचा रस्सा, नवरा आतापासूनच भाकरीचं पीठ आहे का विचारतोय. एकच शेवटचं, रात्रीच कुकरच्या भांड्यात सगळं भरून ते भांडंच फ्रिजात ठेवलं आणि सकाळी नुसतं लावलं तर चालेल का? सकाळी मला कांदा चिरायलाही वेळ नसतो.

निशिगंध_बे_एरिया

भांडं फ्रिजात नको. ते जाड सिरॅमिकचं असतं, गार झालं की तापायला खूप वेळ घेतं, चिकनही तेवढा वेळ कोमट राहतं, शिवाय गारठलेलं भांडं एकदम तापलं की तडकण्याची भीती. परतलेला कांदा, लसूण, टोमॅटो आणि मसाले एका डब्यात आणि कातडी काढलेले थाय दुसऱ्या डब्यात असं रात्री तयार ठेवा. सकाळी दोन्ही डबे उपडे करायचे, स्टॉक ओतायचा आणि बटण दाबायचं, चहा उकळेपर्यंत होतं. बटण दाबल्यावर दिवा लागलाय ना ते बघूनच निघा, आणि भिंतीवरच्या स्विचने चालू-बंद होणारं सॉकेट असेल तर त्यात लावू नका, मुलांनी येता जाता स्विच बंद केला तर दिवसभर कळत नाही.