मदत हवी आहे: मीटिंगमधे बोलायची प्रॅक्टिस कुठे करू?

मंडळी, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कंपनीत क्वालिटीला आहे. काम चोख असतं हो, पण महिन्याच्या रिव्ह्यूला उभं राहिलो की घसा कोरडा आणि सगळं स्लाइडकडे बघून वाचून काढतो, त्यात साहेबांनी मधेच गुजरातीत प्रश्न टाकला की माझं इंग्लिश जे अडकतं ते अडकतंच. टोस्टमास्टर्सबद्दल (लोकांसमोर बोलायची प्रॅक्टिस करायचे क्लब) वाचलं, पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटांचं, वेळेला हिरवा-पिवळा-लाल सिग्नल आणि एक जण तुमचे 'अं... अं...' मोजायला बसतो (इथेच घाम फुटला). बडोद्यात कोणी जातं का? संध्याकाळी ७ नंतर जमेल. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकल्याने खरंच फरक पडतो का? "कॉन्फिडन्स ठेव" सोडून काहीही सांगा.