रेषा पाळली तरी कट का खटकतो?
बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरायची (हीच १८० अंशांची रेषा) आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, की कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं, जाणवत नाही, असं सांगतात. बरोबरच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. कितीतरी कट डोळ्याला नाही, कानाला खटकतात. ज्युनिअर पोरांची एक फिल्म एडिट करायला बसलो होतो. पंचगंगा घाटावर आजोबा आणि नातू बोलत बसलेत, एवढाच सीन. रेषा कुठं ओलांडलेली नाही, नजराही जुळतात. पण आजोबांच्या शॉटमागं धुणं आपटल्याचा आवाज, नातवाच्या क्लोजअपला एकदम सामसूम, परत आजोबांवर आलं की धुणं सुरू! नशीब, साउंडवाल्या पोरानं सगळ्यांना गप्प करून घाटाचा नुसता आवाज वेगळा घेऊन ठेवला होता. तो सीनभर सलग खाली अंथरला. नातवाचं "चला की आता" आजोबांच्या चेहऱ्यावरच सुरू केलं आणि मग नातवावर कट मारला. तो कट कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाकी, आजोबा उठून उभे राहिल्यावर कट मारू नका, उठता उठता मारा. नजर हालचालीत गुंतलेली असते. मात्र त्यासाठी उठण्याची अख्खी हालचाल दोन्ही अँगलनं शूट केलेली हवी, आणि पोरं नेमकं तिथंच घाईनं 'कट' ओरडून कॅमेरा थांबवतात.