काळ्या मातीवर बेसबॉलचं मैदान नव्याने करायचंय, आधी काय हाती घ्यावं?

मैदान_परभणी

नमस्कार मंडळी. आमच्या परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी एका कॉलेजचं मैदान बेसबॉलसाठी दुरुस्त करायचं ठरलंय. जागा पूर्व-पश्चिम ११८ मीटर, दक्षिणोत्तर ११० मीटर. वर काळी माती, चार-साडेचार फुटांवर मुरूम लागतो. सध्याची होम प्लेट (जिच्याजवळ बॅटर उभा राहतो ती पाटी) ईशान्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे दुपारनंतर बॅटरच्या थेट डोळ्यांवर ऊन येतं. पावसाळ्यात पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तिथंच बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. माउंड, म्हणजे पिचर चेंडू टाकतो तो उंचवटा, नुसता मुरमाचा ढीग आहे. होम प्लेटमागच्या बॅकस्टॉपच्या जाळीचे दोन खांब कललेत. मुलींचा सॉफ्टबॉल संघही याच मैदानावर सराव करतो.

पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार आहेत. संस्थेतल्या काहींचं म्हणणं, आधी पत्र्याचं पॅव्हेलियन आणि पायऱ्या करा. जवळच्या तलावातला गाळ फुकट मिळतोय, तो मैदानावर टाकावा का? पाण्याला एकच बोअर आहे, मार्चनंतर त्याचा भरवसा नाही. जाणकारांनी क्रम आणि मापं सांगावीत.

सिव्हिल_नांदेड

पॅव्हेलियन शेवटी. पहिला पैसा जमिनीखाली घाला. मैदान खेळण्यालायक नसेल तर पायऱ्यांवर बसणार कोण? अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं १९१० सालचं रिकवूड फील्ड, २० जून २०२४ च्या मेजर लीग सामन्यासाठी तयार केलं, तेव्हा जुना स्टँड तसाच राखला, पण खेळायची जमीन उकरून निचऱ्यासकट नव्याने केली. जुन्या मैदानाच्या कामाचा क्रम असाच असतो.

आता काळी माती. सगळीकडे एकच चूक दिसते: इनफिल्डची (चार बेसभोवतालच्या भागाची) काळी माती दीड-दोन फूट उकरायची, खड्ड्यात मुरूम भरायचा आणि वरून रोलर फिरवायचा. त्यातून होतो हौद. मुरमातून पाणी खाली जातं, पण तळाची काळी माती ते पुढे सोडत नाही. पाणी तिथंच थांबतं, तळ मऊ होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात वरचा थर लाटांसारखा वर-खाली होतो. म्हणून खोल उकरू नका, उलट इनफिल्ड आजूबाजूपेक्षा निदान सहा इंच वर उचला.

क्रम असा ठेवा. वरची गवत-कचऱ्याची चार इंच माती काढा. उघड्या पडलेल्या काळ्या मातीला मधून बाहेर साधारण २ टक्के उतार द्या. सहा इंच खोल नांगरून त्यात चुना मिसळा, कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के. बेसच्या मधला गवताचा चौकोन सोडून नुसती मातीची जागा धरली तर ती ११,००० ते १२,००० चौरस फूट भरते, म्हणजे चुना साधारण दहा टन लागेल. चुना कळीचा किंवा विरवलेलाच हवा. चुनखडीच्या भुकटीने काळ्या मातीचं फुगणं कमी होत नाही, आणि स्वस्त पडते म्हणून तीच ट्रॉली आणून टाकतात. मिसळणाऱ्यांना चष्मे, हातमोजे द्या, डोळ्यात गेला तर इजा होते. पाणी मारून दाबा, तीन-चार दिवस ओल राहू द्या, मग जिओटेक्स्टाइल कापड अंथरा आणि त्यावर आठ इंच मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरखाली. दबून जाणारा धरून शंभर ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास मुरूम मागवा.

छिद्रांचे पाइप पुरून आउटफिल्डचं (इनफिल्डपलीकडच्या गवताचं) पाणी निघेल ही आशा सोडा. काळ्या मातीतून पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. इथे काम करतो तो वरचा उतार: इनफिल्डला अर्धा ते १ टक्का, आउटफिल्डला १ ते दीड टक्का. ७५ मीटर लांबीवर १ टक्का म्हणजे ७५ सेंटिमीटर. डोळ्याने हे जमत नाही, डंपी लेव्हल लावून दर पाच मीटरवर खुंटी ठोका. चढाच्या बाजूला मैदानाबाहेर चर काढा, म्हणजे शेजारच्या रानाचं पाणी आत येणार नाही.

गाळ इनफिल्डवर अजिबात नको. तीही फुगणारी चिकण मातीच, वर तणाचं बी घेऊन येते. शेतकऱ्यांना द्या, त्यांच्या रानात ती सोनं आहे.

डायमंड_संभाजीनगर

आखणीचं मी सांगतो. नियमपुस्तकाची शिफारस अशी की होम प्लेटपासून पिचरवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. तुमच्या जागेत होम प्लेट नैर्ऋत्य कोपऱ्यात घेतली की रेषा ईशान्येला जाते. तेवढा फरक चालतो, मावळतीचं ऊन बॅटरच्या पाठीवर येतं.

होम प्लेटच्या मागे बॅकस्टॉपपर्यंत ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर सोडा. मग उजवी फाउल लाइन (होमपासून जाणारी हद्दीची रेषा) मिळते सुमारे १०० मीटर, म्हणजे ३२७ फूट. डावी मिळते साधारण ९२ मीटर, ३०१ फूट. नियमात किमान २५० फूट आहे, ३२० किंवा जास्त असलेलं बरं असं म्हटलंय. डावीकडे कमी पडतं तिथं कुंपणावर उंच जाळी लावा. मधे कोपरा फार लांब जातो, तिथं ४०० फुटांवर कुंपण तिरपं घ्या.

मापं स्टीलच्या टेपनेच घ्या, कापडी टेप ताणली जाते. होम प्लेटच्या मागच्या टोकाला खिळा ठोका. तिथून दुसऱ्या बेसच्या मध्यबिंदूपर्यंत १२७ फूट ३⅜ इंच. आता होमकडून आणि दुसऱ्या बेसकडून ९०-९० फुटांचे कंस मारा. छेदतील तिथं पहिल्या आणि तिसऱ्या बेसचा बाहेरचा कोपरा. पहिला आणि तिसरा बेस पूर्ण चौकोनाच्या आत बसतात, दुसऱ्याचा मात्र मध्य त्या बिंदूवर येतो. इथं बरेच जण चुकतात. होमच्या मागच्या टोकापासून पिचर पाय टेकवतो त्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत ६० फूट ६ इंच. पट्टीच्या मध्यावरून ९५ फुटांचा कंस मारला की इनफिल्डच्या मातीची मागची कड मिळते. होमभोवती २६ फूट व्यासाचं वर्तुळ.

सॉफ्टबॉल याच डायमंडवर (चार बेसच्या चौकोनावर) नको. तिथं बेस ६० फुटांवर, महिलांसाठी पिचिंग ४३ फुटांवर आणि माउंड मुळीच नसतो. वायव्य कोपऱ्यात वेगळा डायमंड आखा, रेषा आग्नेयेला. कुंपणाला २२० फूट सहज मिळतात. मात्र त्या बाजूचं बेसबॉलचं कुंपण काढता-घालता येईल असं ठेवा, आणि दोन्ही सराव एकाच वेळी लावू नका.

रेषांना फक्कीच वापरा. विरवलेल्या चुन्याने घसरणाऱ्या खेळाडूची कातडी भाजते.

मैदान_परभणी

सर, दोघांचेही आभार. वरच्या चार इंचांत नेमकी कोणती माती? गावातली गढीची पांढरी माती चालेल का? माळवदावर टाकतात तीच. आणि माउंड कसा बांधायचा?

माती_लातूर

पांढरी नको. तिच्यात पोयटा (वाळूहून बारीक, चिकण मातीहून जाड कण) जास्त असतो; सुकली की धूळ उडते, भिजली की पाय घसरतो. शिवाय गढीची पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचे थर, ते मैदानासाठी उकरणं बरोबर नाही.

इनफिल्डच्या मातीत वाळू ६५ ते ७० टक्के आणि बाकीचा भाग पोयटा व चिकण माती मिळून, त्यातही पोयट्याचं प्रमाण चिकण मातीच्या बरोबरीचं किंवा कमी. नुसता मुरूम टाकला तर टोकदार खडे राहतात, स्लाइड करताना मांड्या सोलून निघतात. म्हणून मुरूम ३ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चिकटायला लाल माती घ्या. बिदरच्या पठारावरची जांभ्याची माती फारशी फुगत नाही आणि आपल्याकडे ट्रकने येते. चार इंच थराला दबाव धरून ४८ ते ५० ब्रास तयार मिश्रण लागेल.

आणलेली प्रत्येक गाडी बाटलीत तपासा. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. मिनिटभरात बसते ती वाळू, तिथं पेनने खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण, तो पोयटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर जो थर बसतो ती चिकण माती. पट्टीने मोजा, टक्केवारी हातात येते. माती फुगणारी आहे का हे पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत कळतं, त्यांना ‘फ्री स्वेल इंडेक्स’ काढायला सांगा.

माउंड: १८ फूट व्यासाचं वर्तुळ, केंद्र पट्टीच्या पुढच्या कडेपासून दीड फूट होमच्या बाजूला, म्हणजे होमपासून ५९ फुटांवर. पट्टी होम प्लेटपेक्षा १० इंच वर. पट्टीभोवती ५ फूट रुंद आणि पुढून मागे ३४ इंच अशी सपाट जागा. पट्टीच्या पुढे ६ इंच सपाट सोडून उतार सुरू, दर फुटाला १ इंच, सहा फुटांपर्यंत. हे तपासायला सहा फुटी सरळ फळी घ्या, एका टोकाखाली ६ इंचाचा ठोकळा जोडा आणि वर स्पिरिट लेव्हल ठेवा. ठोकळ्याचं टोक उताराच्या खालच्या अंगाला ठेवून बुडबुडा मधे आला की उतार बरोबर.

माल सव्वा ब्रासच्या आसपास. एक-एक इंचाचे थर, प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोका, पुढचा टाकण्याआधी वरचा भाग दाताळ्याने खरवडा, नाहीतर थर पापडासारखे सुटतात. पिचरचा पुढचा पाय पडतो तिथं आणि पट्टीच्या समोर कुंभाराच्या मातीच्या कच्च्या, न भाजलेल्या विटा उभ्या लावा. ही जागा साध्या मातीची राहिली तर एका सामन्यात वीतभर खड्डा पडतो आणि पिचरचा घोटा मुरगळतो. बॅटर उभा राहतो तिथंही याच विटा.

सराव संपला की खड्डा झाडून, ओला करून, ताजी माती ठोकून भरायचा आणि माउंडवर ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री. एप्रिल-मेमध्ये एक दिवस उघडा राहिला तरी चिरा पडतात.

हराळी_जालना

गवताचं कोणी बोललं नाही. शेतकरी जिच्यामागे खुरपं घेऊन लागतो ती हराळी म्हणजेच बर्म्युडा ग्रास. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मैदानांवर टिफवे ४१९ हा वाण फार दिसतो, तोही तिचाच संकर. विकतचा लॉन अंथरू नका. रोपवाटिकेतून ‘सिलेक्शन-१’ची मुळं आणा किंवा शेताच्या बांधावरची बारीक पानांची हराळी घ्या, जूनअखेर पहिल्या चांगल्या पावसानंतर वीत-वीत अंतरावर कांड्या लावा.

पाण्याचा हिशोब मात्र आधी मांडा. दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तरी इनफिल्डच्या गवताला तीन-साडेतीन हजार लिटर लागतं. आउटफिल्ड आठ-नऊ हजार चौरस मीटर, तिथं रोज ४० हजार लिटरच्या वर. एका बोअरवर हे होणार नाही, आणि टँकरच्या गावात ते करूही नये. आउटफिल्डची हराळी उन्हाळ्यात पिवळी पडू द्या, ती मरत नाही, मिरगाच्या पावसाने पुन्हा हिरवी होते. असलेलं पाणी माउंड आणि इनफिल्डच्या मातीला द्या.

डायमंड_संभाजीनगर

याच हिशोबाने मी तर म्हणेन, इनफिल्डला गवतच ठेवू नका, पूर्ण मातीचं करा.

हराळी_जालना

सर, तसं केलं तर मातीची जागा साडेसतरा हजार चौरस फुटांवर जाते. चुना, मुरूम, मिश्रण सगळं दीडपट. आणि वैशाखात तेवढ्या मातीची धूळ बसवायला लागणारं पाणी गवताच्या पाण्याहून कमी नाही. माझं मत गवताच्याच बाजूने.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. माती सारखी करताना लोखंडी जाळी ओढतात, ती गवताच्या कडेपासून एक फूट आत थांबवायची. कडेपर्यंत ओढली की माती गवतात जाऊन वरंबा तयार होतो. त्यावर ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) आपटला की थेट शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) तोंडावर उडतो, आणि पाणीही तिथंच अडतं. कडा हाताच्या दाताळ्याने ओढा, गवतात गेलेली माती पाइपाच्या धारेने परत खाली धुऊन काढा. ओल बरोबर आहे का ते किल्ली खुपसून बघा: आत सहज जावी आणि बाहेर येताना ढेकूळ उचलू नये.

सिव्हिल_नांदेड

खांबांचं राहिलं होतं. दोन-तीन फुटांचे पाये काळ्या मातीतच संपतात, म्हणून माती फुगली-आकसली की खांब कलतात. खोल काळ्या रानात यासाठी अंडर-रीम्ड पाइल घालतात, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेली. तुमच्याकडे साडेचार फुटांवर मुरूम आहे, तेव्हा खड्डा मुरमात निदान दोन फूट उतरवा आणि काँक्रीट तिथून वर आणा. काळ्या मातीच्या उंचीत काँक्रीटभोवती सहा इंच वाळू भरा, म्हणजे फुगणारी माती पाया पकडून उचलणार नाही. उंच जाळीवर वाऱ्याचा जोर मोठा असतो, तेव्हा खांबाची जाडी आणि पायाची अंतिम खोली स्थानिक अभियंत्याकडून काढून घ्या. जाळी ऊन सोसणारी, यूव्ही प्रक्रिया केलेली. साधं नायलॉन आपल्या उन्हात लवकर कुजतं. चेंडूचा व्यास ७३ ते ७५ मिलिमीटर, तेव्हा ४५ मिलिमीटरचा चौकोन पुरतो.

डगआउट (खेळाडू बसतात ती शेड) जमिनीत खोदू नका, पावसाळ्यात विहीर होते. जमिनीच्या पातळीवरच करा, समोर छातीएवढी जाळी, पत्रा आठ फुटांच्या वर आणि मागची भिंत वरून दीड फूट उघडी.

वेळेचं गणित: उतार, चुना आणि मुरूम फेब्रुवारी ते मे. एक पावसाळा मुरमावर जाऊ द्या, कुठं खचतं आणि कुठं पाणी थांबतं ते खुंट्या लावून नोंदवा. दसऱ्यानंतर खचलेलं भरून घ्या, मग वरची चार इंच माती आणि माउंड. कंत्राटदार मेमध्येच सगळं एकदम उरकू म्हणेल, त्याला वरच्या थराचं बिल दसऱ्याआधी देऊ नका.