रात्री हळदीला पाणी द्यायला जावं लागतं, साप चावला तर नेमकं काय करायचं?

हळदवाला_हिंगोली
नमस्कार मंडळी. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी आहे. रात्रीची पाळी आली की वडील एकटेच मोटर चालू करायला जातात, मी पुण्याला असतो. मागं शेजारच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) एका काकूला झोपेत साप चावला, घरच्यांनी आधी देवाला नेलं, लिंबाचा पाला खाऊ घातला, कडू लागतोय म्हणल्यावर विष नाही असं ठरवून घरी आणलं. पहाटे पापण्या उघडंनात, बोलता येईना, तेव्हा गाडी काढली. वाचल्या, पण लई दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. आता आई म्हणायली देवाला नेलं म्हणूनच वाचली. तिला कसं समजावू आणि वडलांना नेमकं काय सांगून ठेवू?

सिस्टर_माजलगाव
दादा, तुम्ही सांगायलात त्यावरून ती मण्यार वाटायली. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, ना सूज ना आग, कधीकधी दातांची खूणसुद्धा दिसत नाही. पेशंट पोट दुखतंय, घसा दुखतोय म्हणतो आणि घरचे समजतात अपचन झालं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पाला कडू लागण्याचा आणि विषाचा काही संबंध नाही, जीभ शेवटपर्यंत चव सांगते. घोणशीचं उलटं, लगेच भयंकर सूज, नंतर हिरड्यातून रक्त, लघवी लाल, किडनीवर जातं. तिथं आम्ही थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर विष भिनलंय हे कळतं.

वडलांना एवढंच सांगा, चावल्यावर पळायचं नाही, चालायचं पण नाही. जागेवर बसून फोन करायचा. हात पाय मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून तो भाग हलू द्यायचा नाही, अंगठी कडं जोडवी काढायची. घट्ट दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. कुणी आधीच दोरी बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका, डॉक्टरसमोर सोडा. आणि साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच आहे.

भोकरदनकर
आईला असं समजावून बघा भाऊ. आपल्या रानात दिसणारे बरेच साप बिनविषारीच, धामण, दिवड, कवड्या. विषारी साप पण कधीकधी नुसता दात मारतो, विष सोडत नाही. असा माणूस देवळात नेला तरी बरा होतो, घरी बसवला तरी बरा होतो, आणि नाव मंत्राचं होतं. खरं विष गेलेलं असलं की मात्र तिथं गेलेला वेळ परत मिळत नाही. देवाला मानू नका असं मी म्हणत नाही, नवस नंतर फेडता येतो, आधी लस.

आणि आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं सांगा तिला. कोकणात महाडकडं सरकारी दवाखान्यात असताना लाल विंचवानं माणसं कशी मरतात हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून बघितलं, विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी होतं. मग ब्लडप्रेशरची साधी प्राझोसिन गोळी त्यावर वापरली आणि विंचवानं होणारे मृत्यू लई कमी झाले. 2022 ला पद्मश्री मिळाली. शेतकऱ्याच्या घरचा माणूस आहे, आईला पटेल.

बांधावरची
वडलांना आधी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊन द्या, बॅटरी मोबाईलची नको मोठी घ्या, पाय आपटत चालायला सांगा. आखाड्यावर झोपायचं तर बाजेवर, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून, मण्यारीला तेवढं पुरतं. सोयाबीनची गंजी आणि सरपण झोपायच्या जागेपासून लांब ठेवा, उंदीर तिथं साप.

हळदवाला_हिंगोली
लई आभार सगळ्यांचे. ताई अजून एक, आमच्याकडं लोक म्हणतात गावच्या आरोग्य केंद्रात काही होत नाही, थेट जिल्ह्याला न्या. जिल्हा तासभर लांब आहे. कुठं न्यायचं? आणि लेकराला चावलं तर डोस अर्धा का?

सिस्टर_माजलगाव
आधी जवळच्या सरकारी केंद्रात, तिथं पहिला डोस सुरू करून मग पुढं पाठवता येतं. 108 ला फोन करतानाच साप चावलाय हे स्पष्ट सांगा. लेकराला डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप लेकरू बघून विष कमी सोडत नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, काहींना रिअॅक्शन येते, अंगावर गांधी, थंडी, बीपी कमी होणं, त्यावर अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन तयार ठेवावं लागतं, म्हणून ती घरी किंवा कुणाही खाजगी माणसाकडून टोचून घेऊ नका. सरकारी दवाखान्यात फुकट आहे. एक काम आजच करा, वडलांना दिवसा केंद्रात पाठवून लस शिल्लक आहे का आणि रात्री कोण ड्युटीला असतं ते विचारायला लावा. नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, आणि तो नंबर वडलांच्या फोनमध्ये सगळ्यात वर सेव्ह करून द्या.