रोजच्या भरती-ओहोटीत चिखल टिकतो कसा?

ओलीवाळू: ओहोटीला लांबच लांब उघडा पडणारा चिखल पाहिला की प्रश्न पडतो. दिवसातून साधारण दोनदा समुद्र त्यावरून येतो-जातो, तरी तो वाहून का जात नाही? मागचं गवताळ खाजण कसं तयार होतं? आणि समुद्राची पातळी वाढली की हे सगळं बुडणार, हे खरं का? जाणकारांनी सांगावं.

गाळसाळ: माझं बरंचसं काम गाळातच असतं, तेव्हा थोडं पाल्हाळ सोसा.

नदीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की एकेकटे सहज तळाशी बसत नाहीत. खारं पाणी भेटलं की ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यासारखं. भरती पूर्ण चढल्यावर पाणी जरा थबकतं, तेवढ्यात गुठळ्या खाली बसतात. खरी मेख पुढे आहे: एकदा बसलेला चिकट गाळ पुन्हा उचलायला पाण्याला बराच जास्त वेग लागतो. म्हणून आलेल्यातलं थोडं मागे राहतं. अर्थात हे आडोशाच्या जागी, खाडीत किंवा वाळूच्या दांड्यामागे. मोठ्या लाटा थेट आपटतात तिथे नाही.

पुढच्या वेळी चिखलावरची सोनेरी-तपकिरी झाक निरखून बघा. ते डायटम. ओहोटीच्या उन्हात हे एकपेशीय जीव वर सरकतात, पाणी यायच्या सुमारास पुन्हा आत शिरतात. सरकताना सोडलेला चिकट स्राव कणांना बांधून ठेवतो. चिखल तुडवला की आधी हाच थर मोडतो.

पातळी पुरेशी वर आली की सॅलिकॉर्निया, स्पार्टिना अशा खारट जमिनीतल्या वनस्पती रुजतात. त्यांच्या काड्यांत पाणी मंदावतं, गाळ आणखी साठतो. सगळ्यात वरचा भाग फक्त उधाणाच्या भरतीला भिजतो, म्हणून तिथली वाढ संथ. उष्ण प्रदेशात ही जागा बहुधा खारफुटी घेते.

बुडण्याचं म्हणाल, तर खाजण समुद्राबरोबर चढू शकतं. जास्त वेळ पाण्याखाली राहिलं तर गाळही जास्त बसतो. फक्त वरून गाळ यायला हवा आणि मागे सरकायला जागा हवी. गाळ धरणांत अडतो, जागा किनाऱ्याचे बांध खातात. माझ्या मते नुसत्या समुद्राला दोष देणं सोपं आहे.

पाणपक्षी: भराव विसरलात! पिवळ्या समुद्राकाठचे निम्म्याहून जास्त चिखलपट्टे पन्नासेक वर्षांत गेले. दक्षिण कोरियात सेमांगुमचा सुमारे ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये जोडला गेला आणि ग्रेट नॉट या स्थलांतरी पक्ष्याचा मोठा थांबा संपला. चीनने गाळ धरून ठेवायला १९७९ मध्ये अमेरिकेतलं स्पार्टिना आणलं, तेच पुढे उघडे चिखल गिळत गेलं.

ओलीवाळू: बांध फोडला तर खाजण परत येतं का?

गाळसाळ: येतं. इंग्लंडमध्ये स्टीअर्ट इथे २०१४ साली मुद्दाम बांध फोडून शेतजमिनीत भरती घेतली. गाळ भराभर साठतो, झाडंही लवकर येतात. पण जुन्या खाजणातलं नाल्यांचं जाळं आणि वनस्पतींचं वैविध्य यायला दशकं लागतात. त्यामुळे एक तोडून दुसरीकडे तेवढंच करून देऊ, हा हिशेब मला पटत नाही.