'मिनिमली इन्व्हेसिव्ह' बायपासला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. विषय हृदयाची बायपास, पण छातीचं मधलं हाड न कापता केलेली. आधीच्या अनुवादकाने 'किमान आक्रमक शस्त्रक्रिया' लिहून ठेवलंय. हे वाचून रुग्ण बिचकेल. मला 'अल्पछेदी' सुचतंय. सहज कळेल का?

चष्मेवाला
सरळ 'दुर्बिणीची बायपास' लिहा. पित्ताशय, अपेंडिक्स, गुडघा, सगळीकडे लोक 'दुर्बिणीतून केलं' असंच सांगतात.

भूलतज्ज्ञ
इथे ते चालणार नाही. बहुतेकदा डाव्या बाजूला चौथ्या-पाचव्या बरगडीजवळच्या फटीत काही सेंटिमीटरची चीर देतात आणि तिथूनच, डोळ्यांनी बघत, छातीच्या आतली रोहिणी हृदयाच्या पुढच्या रोहिणीला जोडतात. हृदय धडधडतच असतं. टाके घालायचे तेवढाच भाग स्थिर धरून ठेवतात. धागा केसाइतका बारीक. संपूर्ण काम दुर्बीण आणि रोबोटने करायची पद्धत वेगळी. 'दुर्बीण' वाचून आलेला रुग्ण चार भोकांची अपेक्षा धरतो आणि चीर बघून त्याला फसवल्यासारखं वाटतं. हे मी पाहिलंय.

अनुवादिनी
मग 'छाती न उघडता'?

भूलतज्ज्ञ
नको! छाती उघडतेच. उरोस्थी करवतीने कापत नाहीत, एवढंच. ते हाड तारांनी बांधणं, मग सांधेपर्यंत दोन-तीन महिने जपणं, हे वाचतं. हृदयावरचं काम मात्र तितक्याच जोखमीचं. 'छोटं ऑपरेशन' असं सुचवणारा शब्द कृपया वापरू नका.

देवभाषा
'अल्पछेदी हृद्‌रोहिणी-पर्यायमार्ग शल्यक्रिया'. नेमकं आहे. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला?

चष्मेवाला
शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाण, काटा. तो काढणं ही शल्यक्रिया. बायपासमध्ये काढतात काय? जोडतात! माझ्या काकांची झाली तेव्हा घरात कुणाच्या तोंडी 'पर्यायमार्ग' आला नाही. 'बायपास झाली', तीही स्त्रीलिंगी, कारण शस्त्रक्रिया मनात असते. रस्त्याचा बायपास पुल्लिंगी. परका शब्द असा लिंग घेऊन नांदायला लागला की तो आपलाच.

भूलतज्ज्ञ
पत्रकात 'अत्याधुनिक' असेल तर तेही काढा. लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी 1964 मध्येच डाव्या बरगड्यांमधून, हृदय चालू ठेवून ही जोडणी केली होती.

पाटीपेन्सिल
रोहिणी का? धमनी म्हणा. धम् म्हणजे फुंकणे. ग्रीकांनाही या नळ्यांतून हवा वाहते असंच वाटायचं.

चष्मेवाला
धमनी हिंदी वाटते. शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला शिकलो.

देवभाषा
धमनी हिंदी कशी? सुश्रुतसंहितेत धमन्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. उलट तुमची शाळेतली जोडीच तिथे वेगळ्या अर्थाने येते. दोन्ही सिराच: रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी, पित्त वाहणाऱ्या त्या नीला. पाठ्यपुस्तकांनी त्यांना नवे अर्थ दिले.

अनुवादिनी
'लहान छेदाची बायपास' कसं वाटतं? पत्रक उद्या छपाईला जातंय.

पाटीपेन्सिल
नवे अर्थ दिले हे मान्य, पण मग 'शीर' कुठे बसवायची? बायपाससाठी पायातून काढतात तिला नीला म्हणणारा माणूस मी ऐकलेला नाही. सगळे शीरच म्हणतात.

देवभाषा
शीर सिरेवरूनच आली. आणि तुम्ही नसेलाही शीर म्हणता, तिथेच सगळा घोळ आहे.